निरीक्षणगृहातल्या मुलांना कबड्डी शिकवणारे कोणी हवे

मा. संपादक,

'अल्पवयीन आरोपीची भिवंडीच्या बालसुधारगृहात रवानगी' ही ओळ ठाण्याच्या बातम्यांत वरचेवर वाचायला मिळते. पुढे तिथल्या निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे, त्या मुलाचा दिवस कसा जातो, हे मात्र कोणी विचारत नाही. घरचे भेटायला येतील का आणि सुटका कधी होईल, याच घोरात तो असतो. ते पोखरणे थांबवायला दमणूक हवी आणि अंगावर विश्वासाने जबाबदारी टाकणारे कोणी हवे.

2015च्या बाल न्याय कायद्याखालच्या नियमांत रोजच्या वेळापत्रकात व्यायाम आणि खेळ आहेत. पण व्यायाम व योग शिक्षकाचे पद अर्धवेळ. एवढ्याने मुले खेळाला लागत नाहीत.

मी बरीच वर्षे कबड्डीचा पंच आहे, म्हणून कबड्डीबद्दलच सांगतो. साहित्य जवळजवळ लागत नाही, जागा थोडी पुरते. बाद झालेला मुलगा बाहेर जाऊन बसतो आणि जोडीदाराने गुण मिळवला की आत येतो, तेही बाद झालेल्या क्रमानेच. रांग मोडून कोणाला उठता येत नाही. पकड कितीही जिद्दीची असो, शिटी वाजली की हात सोडावाच लागतो. रागीट पोरगा हे आठवड्याभरात शिकतो, मी पाहिले आहे. धसमुसळ्या खेळाने मारामारी वाढेल असे म्हणणाऱ्यांनी एकदा मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे.

खेळाने गुन्हेगारी संपते असा माझा दावा नाही. घर, शाळा, व्यसन हे प्रश्न उरतातच. पण भिंतीआड खेळ रुजतो, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. कैद्यांच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत 2023 साली येरवडा कारागृहाच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. ते कैदी प्रौढ होते. मुलांना तर खेळाची गरज त्याहून जास्त.

वर्षातून एकदा पाहुणे बोलावून, करंडक वाटून हे काम होणार नाही. मुले येतात-जातात, त्यामुळे प्रशिक्षकाने दर आठवड्याला ठरल्या वारी यायला हवे. मुलांची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा फोटो आणि बॅनरचा मोह कबड्डी मंडळांनी घरीच ठेवावा.

सगळ्यात नाजूक काळ सुटकेनंतरचा. मुलगा कळवा, मुंब्रा किंवा दिव्याला घरी परततो आणि संध्याकाळी जुनेच टोळके नाक्यावर हाक मारते. त्याच वेळी जवळच्या मंडळाचा सराव चालू असतो. तिथला एक प्रशिक्षक त्याला आधीपासून नावाने ओळखत असेल, तर तो मैदानाकडे वळण्याची शक्यता वाढते.

जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांनी ठाण्यातल्या कबड्डी मंडळांची बैठक बोलवावी. पोलीस पडताळणी करून इच्छुक प्रशिक्षकांची यादी करावी आणि त्यांना निदान प्रवासखर्च द्यावा. माझे नाव त्या यादीत पहिले घालावे.

– एक कबड्डी पंच, नौपाडा, ठाणे