काकू, तुम्ही दाराशी बसलात म्हणून

प्रिय काकू,

माझ्या लेकाचा दुसरा वाढदिवस होऊन आठ दिवस झाले. तुमच्या दारापर्यंत मी तीनदा आले आणि तिन्ही वेळा बेल न वाजवता परत गेले. बोलायला लागले की माझा गळा दाटून येतो, आणि तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय. चार लोकांनी वाचावं असंच लिहितेय, कारण त्या दिवशी घरात तीस-पस्तीस माणसं होती आणि तुम्ही काय केलंत ते त्यातल्या बहुतेकांच्या लक्षातही आलं नाही.

मागच्या वर्षी तुम्ही इथं राहायला आला नव्हता. पहिला वाढदिवस म्हणून आम्ही सगळं एका आयोजकांवर सोपवलं होतं. "तुम्ही फक्त तयार होऊन या," असं ते म्हणाले होते. बाळ दुपारी एकला झोपतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. "मुलं रमतात हो गर्दीत," एवढंच उत्तर मिळालं. कार्यक्रम साडेबाराचा ठरला. व्हायचं तेच झालं: सव्वा वाजता तो माझ्या खांद्यावर झोपला, आणि पाच मिनिटांत फोटोवाले, सूत्रसंचालक, दोन नातेवाईक माझ्याभोवती जमले. "उठवा, उठवा, लोक खोळंबलेत." मी उठवलं. माझ्या हातांनी उठवलं. डोळे उघडले तर समोर माणसापेक्षा मोठं अस्वल, कानात माइकचा आवाज. तो इतका रडला की शेवटी उलटी झाली. आवाज कमी करा म्हटलं तर करत नव्हते. एक बाई मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "लाडावून ठेवलंय." आजोबा त्या गोंगाटात दोन तास भिंतीकडे तोंड करून बसले. शेवटी फुग्यांची कमान फोडण्याचा खेळ झाला, आणि नणंदेच्या दहा महिन्यांच्या मुलीच्या मुठीत फुटक्या फुग्याचा तुकडा सापडला, तोंडाकडे निघालेला. नशिबानं कुणीतरी पाहिलं. हे सांगितल्यावर आयोजक म्हणाले, "लक्ष ठेवायला हवं ना पालकांनी."

त्या दिवसाचे दोनशे फोटो आहेत. एकातही माझा लेक हसत नाही.

म्हणून यंदा मी काहीच करणार नव्हते. घरच्यांचा आग्रह होता, आणि मला विषय निघाला तरी छातीत धडधडायचं. त्यात तुम्ही एकदा जिन्यात भेटलात. दुसरा वाढदिवस आलाय म्हटल्यावर सगळे विचारतात, थीम काय, किती माणसं, कुठं करताय. तुम्ही विचारलंत, "दुपारी किती वाजता झोपतो गं तो?"

काकू, वर्षभरात हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी तिथंच पायरीवर बसले.

पुढचं सगळं तुम्ही माझ्यासोबत बसून ठरवलंत, आणि तुम्ही बालवर्गात तीस वर्षं काय केलं असेल ते मला तेव्हा कळलं. रांगणाऱ्या बाळांपासून चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळे येणार होते. सगळ्यांना एकत्र कोणता खेळ घ्यावा, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. तुम्ही म्हणालात, "खेळ शोधू नकोस, जागा कर." या पाच शब्दांनी माझं अर्धं ओझं उतरलं. दोन वर्षांची मुलं सहसा एकमेकांशी खेळत नाहीत, शेजारी बसून आपापलं खेळतात, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं, हे तुम्ही सांगितलंत. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या संशोधक बाईंनी १९३२ सालीच ते मांडून ठेवलंय आणि तुम्ही ते प्रशिक्षणात शिकला होतात. मागच्या वर्षी मात्र दीड-दोन वर्षांच्या मुलांना गोल करून उभं केलं होतं, आणि ती उभी राहत नाहीत म्हणून त्यांच्या आयांना माइकवरून टोमणे मारले होते. तुम्ही सांगितलंत, एकच मोठं खेळणं आणू नकोस, एकसारख्या चार बादल्या आण. आणल्या. भांडण झालं नाही.

रबरी फुगे एकही नाहीत, हे तुम्ही मी सांगायच्या आधीच म्हणालात. फुगवलेल्या फुग्यापेक्षा फुटलेल्याचा तुकडा वाईट. तो घशात चिकटून श्वासाची वाट बंद करतो. आठ वर्षांखालच्या मुलांना त्यापासून धोका असल्याची सूचना पाकिटांवर छापलेली असते, आणि आपण ते पाकीट फाडून टाकून देतो. आम्ही कागदाच्या साखळ्या लावल्या.

आणि ती पुठ्ठ्याची नळी! टिश्यू पेपरचा रोल संपल्यावर उरते ती. नणंदेचा दहा वर्षांचा मोठा मुलगा आणि त्याच्या दोन मित्रांना तुम्ही बाजूला घेतलंत, ती नळी त्यांच्या हातात दिलीत आणि सांगितलंत, "या घरात जे जे या नळीतून आरपार जाईल ते सगळं तुमच्या ताब्यात. वरच्या फळीवर ठेवायचं आणि मोजून मला सांगायचं." तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले तुकडे तपासायला कारखान्यांत जी नळी वापरतात तिचा व्यास साधारण सव्वातीन सेंटिमीटर असतो. घरातली ही नळी त्याहून थोडी मोठी, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूनंच होणार, हे तुम्ही त्या मुलांना मोठ्या माणसांशी बोलावं तसं समजावलंत. मागच्या वर्षी हीच मुलं कंटाळून खुर्च्या ढकलत होती आणि ओरडा खात होती. यंदा त्यांनी एक्केचाळीस वस्तू गोळा केल्या. त्यात मणी होते, गोट्या होत्या, आणि एका भेटकार्डातून पडलेला गाणं वाजवणारा बटण सेल होता. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा ती भाजू शकते. एका दहा वर्षांच्या मुलानं तो उचलून वर ठेवला, आणि तुम्ही सगळ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवलात. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

आजोबांसाठी हातांची खुर्ची तुम्हीच निवडलीत, कारण खोल सोफ्यातून त्यांना उठता येत नाही आणि कुणाला हाक मारायला त्यांना लाज वाटते. पाठ भिंतीला, उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडेल अशी. वय झालं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आणि कानातलं यंत्र गोंगाटही मोठा करून ऐकवतं. म्हणून गाणी लावलीच नाहीत. आजोबा त्या दिवशी तीन तास बोलत होते.

पण हे सगळं तुम्ही केलं नसतंत तरी मी कधीतरी, कुठंतरी वाचून शिकले असते. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

वेळ चारची ठेवली होती, झोप झाल्यानंतरची. आणि नेमकं त्या दिवशी सकाळपासून घरात माणसं, त्यामुळं त्याची झोप पुढं गेली. तो झोपला पावणेचारला. चार वाजता बेल वाजायला लागली. सव्वाचारपर्यंत घर भरलं, आणि ज्याचा वाढदिवस तो आत पालथा पडून गाढ झोपलेला. मला घाम फुटला. सासूबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "उठव आता, बरं दिसत नाही." पाठोपाठ दोघं-तिघं तेच म्हणाले. कुणी वाईट हेतूनं म्हणत नव्हतं. पण माझ्या कानात मागच्या वर्षीचे शब्द जसेच्या तसे वाजायला लागले, आणि काकू, खरं सांगते, माझे पाय खोलीकडे वळले होते. मी उठवणार होते. पुन्हा माझ्याच हातांनी.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलून आणलीत, खोलीच्या बंद दाराला पाठ लावून ठेवलीत आणि तिच्यावर बसलात. एवढंच. बस.

जो येईल त्याला तुम्ही एकच वाक्य सांगत होतात: "झोपलाय तो. उठला की सांगते." सूर एकच, ना ताठा, ना माफी. एका काकांना घाई होती, त्यांना नुसतं डोकावायचं होतं. त्यांनाही तेच वाक्य. भेटवस्तू हातातच द्यायची म्हणून हटून बसलेल्या मावशींनाही तेच. आणि सासूबाई पुन्हा आल्या तेव्हा तुम्ही शेजारचं स्टूल पुढं ओढलंत, त्यावर हात थोपटलात आणि म्हणालात, "बसा ना इथं. राखण करायला दोघी बऱ्या." त्या बसल्या! माझ्या सासूबाई, ज्यांच्याशी या विषयावर मी वर्षभर वाद घातला, त्या तुमच्या शेजारी बसल्या आणि दहा मिनिटांनी येणाऱ्या पाहुण्याला स्वतःच ओठांवर बोट ठेवून सांगत होत्या, "हळू, झोपलाय."

पाऊण तास. या वयाच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला ११ ते १४ तासांची झोप लागते. हे मला पाठ होतं, सगळ्यांना ऐकवूनही झालं होतं. आकडे सांगून कुणी थांबलं नव्हतं. तुमच्या खुर्चीपुढं सगळे थांबले.

तुम्ही माझ्याकडे वळून एकदा म्हणालात, "जा, लोकांत बस. इथं मी आहे." ते ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. दोन वर्षं त्या मुलाच्या आणि जगाच्या मध्ये मी एकटी उभी होते असं मला वाटायचं. कुणीतरी येऊन "तू जा, इथं मी आहे" म्हटलं की आपण किती थकलोय ते एकदम कळतं.

पाच वाजता तो आपणहून उठला. तुम्ही दार उघडलं नाहीत. मला हाक मारलीत, आणि मागं जमलेल्यांना हात आडवा करून म्हणालात, "आधी आई." मी आत गेले. तो उठून बसला होता, केस उभे, गालावर उशीची घडी उमटलेली. दहा मिनिटं आम्ही दोघं नुसते बसलो. बाहेर आलो तर कुणी धावून आलं नाही. तो माझ्या मांडीवरून बघत राहिला. मग उतरला, आजोबांच्या काठीपाशी गेला, मग बादल्यांपाशी. केक कापताना सगळ्यांनी गाणं हळू आवाजात म्हटलं, कारण तोपर्यंत सगळ्यांनाच हळू बोलायची सवय झाली होती. आणि तो हसला. टाळ्या वाजवल्या त्यानं, स्वतःसाठी.

मी गेले आठ दिवस विचार करतेय, की पैसे घेणाऱ्यांना जे सुचलं नाही ते तुम्हाला कसं सुचलं. त्यांना कामाचा अनुभव नव्हता असं नाही. त्यांचं लक्ष येणाऱ्यांवर होतं, फोटोंवर होतं, घड्याळावर होतं. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे आधी बघायचं, ही गोष्ट कुठल्या पॅकेजमध्ये मिळत नाही. ती माणसात असते. अशी माणसं मोठ्यानं बोलत नाहीत, कुणाला चुकीचं ठरवत नाहीत, आजोबांसाठी खुर्ची वळवतात, ओरडा खाणाऱ्या पोराला काम देतात, आणि वाद न घालता दाराशी जाऊन बसतात. त्यांच्यामुळं आजूबाजूची माणसंही थोडी बरी वागायला लागतात. माझ्या डोळ्यांदेखत लागली. माझ्या मुलाच्या आयुष्यात अशी माणसं असावीत, आणि पुढं कधी दुसऱ्या कुणाच्या दाराशी त्यानंही असं बसावं, एवढी एकच इच्छा मी त्या रात्री मनात धरली.

तुमचं ताट झाकून ठेवलं होतं. दारापाशी बसल्यामुळं तुम्ही सगळ्यांच्या शेवटी जेवलात आणि फोटोच्या वेळी निघून गेला होतात. सगळे फोटो पाहिले. तुम्ही एकाच फोटोत सापडलात, तेही अर्ध्या. कागदाच्या साखळीखाली खुर्ची, तुमचा खांदा, शेजारी सासूबाई, आणि मागं बंद दार. तो मी मोठा करून घेतलाय.

रांगणाऱ्या बाळांसाठी तुम्ही तुमची गोधडी अंथरली होतीत, ती धुऊन वाळवली आहे. उद्या घेऊन येते. त्याला दाखवायचीय तुम्हाला, तो आता "काकू" म्हणतो. पण वेळ ठरवत नाही. त्याची झोप झाली की येतो.

तुमचीच,
खालच्या मजल्यावरची