गुंजवण्यात उभ्या असलेल्या वाचकासाठी

पुणे,
रविवार

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझा गड-भटकंतीचा ब्लॉग पहिल्या लेखापासून शेवटच्या लेखापर्यंत सलग वाचून काढला. साठेक लेख आहेत, आणि निम्म्याहून अधिक लेखांत पायी फिरल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही अशी माहिती आहे. कुठलं टाकं मे महिन्यात आटतं, कुठल्या फाट्यावर डावीकडची ठळक वाट गुरांची आहे आणि गडाची वाट उजवीकडे झाडीत शिरते, हे तू अगदी नेमकं लिहिलंयस. एवढं मोलाचं लिखाण लोकांपर्यंत पोचत नाही याची खरंच हळहळ वाटते. लिखाण चोख आहे, अडतंय ते मांडणीत आणि काही तांत्रिक गोष्टींत. रोज अर्धा तास दिलास तर महिन्याभरात सगळं मार्गी लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोळ्यांपुढे एकच वाचक ठेव. तो पहाटे साडेपाचला राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात उतरलाय, मोबाइलला रेंजची एकच काडी आहे आणि राजगडावर चोर दरवाजाने चढायचं की पाली दरवाजाची वाट धरायची, हे त्याला उभ्या उभ्या ठरवायचंय. तुझा राजगडाचा लेख त्याच्यासमोर उघडला तर आधी चार परिच्छेद सूर्योदय आणि धुकं येतं. पाण्याचा उल्लेख अकराव्या परिच्छेदात. तोवर त्याने फोन खिशात टाकलेला असणार.

म्हणून प्रत्येक लेखाच्या डोक्यावर सहा-सात ओळींची चौकट दे: पायथ्याचं गाव, वाट आणि तिची काठिण्यपातळी, चढायला लागणारा वेळ, पाणी कुठे आणि कोणत्या महिन्यापर्यंत, एसटी किंवा वडाप कुठून, मुक्कामाची सोय, आणि शेवटी ‘ही वाट पाहिली : डिसेंबर २०२४’ अशी तारीख. तारखेत कुचराई करू नकोस. दरड कोसळते, शिड्या लागतात, मुक्कामाचे नियम बदलतात, आणि लेख २०१४ चा असला तरी वाचणाऱ्याला तो आजचाच वाटतो. ब्लॉगर (तुझा ब्लॉग ज्यावर चालतो ती गुगलची सेवा) वरती छापतं ती लेख प्रसिद्ध केल्याची तारीख. वाट कधी पाहिली हे तुलाच लिहावं लागेल. धुकं आणि सूर्योदय चौकटीच्या खाली खुशाल येऊ देत. ते तू छान लिहितोस, काढू नकोस.

एकाच गडाला वाटा अनेक असतील तर लेखही वेगळे कर. हरिश्चंद्रगडाच्या एकाच लेखात तू पाचनई, खिरेश्वर आणि नळीची वाट कोंबल्या आहेस. पाचनईहून लहान मुलांना घेऊन जाणारा आणि नळीच्या अवघड वाटेने जाणारा, यांचे प्रश्न सारखे कसे असतील? तीन लेख कर आणि तिन्ही एकमेकांना जोड. जोडताना ‘इथे क्लिक करा’ असं लिहू नकोस, ‘पाचनईची सोपी वाट’ या शब्दांनाच लिंक दे. अक्षांश-रेखांश देशील ते दशांशात, चार स्थळांपर्यंत. त्याने साधारण अकरा मीटरच्या आत ठिकाण सापडतं, फाटा दाखवायला तेवढं पुरतं. हे आकडे मात्र इंग्रजी अंकांत टाक, म्हणजे उचलून नकाशात चिकटवता येतात.

आता लेखांच्या पत्त्यांकडे वळू. शीर्षक मराठीत असलं की ब्लॉगरला त्यातून रोमन अक्षरं मिळत नाहीत आणि तो पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा घालतो. तुझे बहुतेक पत्ते असेच आहेत, त्यामुळे लिंक पाहून लेख कशावर आहे याचा काही थांग लागत नाही. देवनागरी पत्ता वापरला तर वेगळीच पंचाईत होते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, हलन्तसुद्धा, तीन बाइटांचं असतं, आणि पत्ता कॉपी केला की दर बाइटचे टक्क्याच्या खुणेसकट तीन वर्ण होतात. म्हणजे एका चिन्हाचे नऊ. ‘हरिश्चंद्रगड’ या शब्दात बारा चिन्हं आहेत, त्याचे १०८ वर्ण झाले. व्हॉट्सॲपवर अशी चार ओळींची लिंक आली की लोकांना ती फसवणुकीची वाटते. तेव्हा नवा लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या ‘पर्मालिंक’मध्ये ‘कस्टम’ निवड आणि रोमन अक्षरांत तीन-चार शब्द दे, मधे आडवी रेघ घालून: rajgad-gunjavane-vat, अशा धर्तीवर. लेख एकदा प्रसिद्ध झाला की पत्ता बदलण्यासाठी तो परत ड्राफ्टमध्ये न्यावा लागतो आणि जुनी लिंक तुटते. त्यावर इलाज आहे. सेटिंग्जमध्ये ‘एरर्स अँड रीडायरेक्ट्स’खाली ‘कस्टम रीडायरेक्ट्स’ उघड, जुना आणि नवा पत्ता भर (ब्लॉगचं नाव वगळून, तिरक्या रेघेपासून पुढचा भाग) आणि ‘पर्मनंट’वर खूण कर. पण सगळ्या साठ लेखांना हा खटाटोप नको. जास्त वाचले जाणारे आठ-दहा निवड, बाकीचे आहेत तसे राहू देत.

अक्षरांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण मराठी ब्लॉग इथेच मार खातात आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. तुझ्या लेबलांच्या यादीत ‘दऱ्याखोऱ्या’ दोनदा दिसतं. दिसायला अगदी सारखं, पण एकात अठरा लेख आणि दुसऱ्यात सात. कारण असं की एकदा तू ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलंस आणि एकदा साध्या ‘र्’ला अदृश्य जोडचिन्ह लावून तोच आकार मिळवलास. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकासाठी मात्र ते दोन निराळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच: एक अखंड अक्षर आहे, आणि दुसरं ‘अ’वर अर्धचंद्र बसवून केलेलं. अखंड अक्षरच वापर. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ शिफ्ट आणि जे दाबून येतो. सातव्या-आठव्या लेखात तर तू ‘सह्याद्रीच्या दर्या’ असं लिहून बसलायस. दर्या म्हणजे समुद्र, विनू! आणि ‘स्वतः’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे टिंब पडलेत, त्यामुळे संगणकासाठी तोही निराळाच शब्द ठरतो. २०११ चे जे तीन लेख नुसत्या चित्रविचित्र रोमन अक्षरांत दिसतायत, ते तू श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप करून चिकटवले असणार. ते युनिकोडमध्ये बदलून घे आणि रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी नीट तपास. गडबड हमखास तिथेच होते.

लेबलं एकूण त्रेचाळीस आहेत, त्यातली एकोणतीस एकेका लेखापुरती. सात-आठच ठेव: जिल्ह्यानुसार पाच, शिवाय घाटवाटा, लेणी आणि जलदुर्ग. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातल्या साल्हेर, राजगड, लोहगड आणि सुवर्णदुर्गावर तुझे लेख आधीपासून आहेत. त्या बाराही किल्ल्यांचं एक स्वतंत्र पान कर, तमिळनाडूतल्या जिंजीसकट, आणि त्यावरून आपल्या लेखांना लिंका दे. असं पान लोक जपून ठेवतात.

फॉन्ट बदलायचा तर ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ घे. छापील पुस्तकाचा बाज हवा असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. आकार १८ ते २० पिक्सेल, ओळींतलं अंतर अक्षराच्या पावणेदोन पट. रोमनला दीडपट पुरतं, आपल्याकडे वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, ओळी जवळ आल्या की एकमेकांत घुसतात. तुझ्या शीर्षकांत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ तुटलेली दिसते, ती ‘लेटर-स्पेसिंग’मुळे. ते शून्य कर. तिरपी अक्षरं काढ: देवनागरीला तिरप्या वळणाची परंपरा नाही, ब्राउझर सरळ अक्षर नुसतं कलंडवतो आणि ते विद्रूप दिसतं. दोन्ही कडा सरळ करणंही बंद कर, मोबाइलच्या अरुंद ओळीत शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पडतात. आणि सेटिंग्जमध्ये ब्लॉगची भाषा मराठी निवडायला विसरू नकोस. दृष्टिहीन वाचकांच्या वाचक-प्रणालीला मजकूर कोणत्या भाषेत वाचायचा हे त्यावरून कळतं.

फोटो. मोबाइलमधला एक फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबीचा असतो. साल्हेरच्या लेखात असे बावीस आहेत! गुंजवण्यातल्या त्या एका काडीवर हे पान उघडणारच नाही. रुंदी १६०० पिक्सेल कर आणि जेपेग दर्जा ७५ ते ८०, म्हणजे दोन-तीनशे केबीत काम होतं. स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच हे करतं. दर लेखाला आठ-दहा फोटो पुरे. वाटेवरचा फाटा, टाकं, अवघड टप्पा यांना प्राधान्य, स्वतःचा फोटो एखादा. फाइलला नाव दे आणि ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये (फोटो न दिसणाऱ्यासाठीचं वर्णन) एक वाक्य लिही: ‘पाली दरवाजा, खालून येताना’. फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असते. गडाच्या फोटोला हरकत नाही, पण शिकारी पक्ष्यांची घरटी आणि दुर्मीळ ऑर्किड यांच्या फोटोतून ती आधी पुसून टाक.

कडेच्या पट्टीतला पसारा सरळ काढून टाक. गुगल प्लस २०१९ मध्ये बंद झालं, त्याचं बटण अजून तिथे आहे. ‘ई-मेलने लेख मिळवा’ ही पेटी गुगलच्या फीडबर्नर सेवेची आहे आणि त्यांनी ई-मेल पाठवणं २०२१ मध्येच थांबवलं, त्यामुळे तिथे पत्ता देणाऱ्याला काहीच जात नाही. घड्याळ, सरकती पट्टी, भेटींचा आकडा हेही नको. त्या जागी अनुक्रमणिकेची लिंक आणि शोधपेटी, बस.

उजवं क्लिक बंद करणारी जी स्क्रिप्ट टाकलीयस तीही काढ. लेख चोरीला जातात याचा राग मला कळतो, तो रास्तच आहे. पण चोरणारा पाच सेकंदांत ती चुकवतो, आणि ज्याला बसचं वेळापत्रक मित्राला पाठवायचंय तो तेवढा अडतो. त्यापेक्षा लेखाच्या मध्यावर एखाद्या वाक्यात ब्लॉगचं नाव सहज गुंफ आणि फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव घाल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेख लिहिला त्या क्षणी हक्क तुझा होतो, नोंदणी लागत नाही, आणि लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. उचललेला लेख दुसऱ्या ब्लॉगवर दिसला तर गुगलच्या कॉपीराइट तक्रार अर्जात दोन्ही लिंका देऊन तो काढायला सांगता येतो.

लोक तुला काय शोधत येतात हे कळायला गुगलचं ‘सर्च कन्सोल’ जोड आणि तिथे साइटमॅप, म्हणजे ब्लॉगच्या पानांची यादी, नोंदव, ब्लॉगर तो आपोआप बनवतं. सोळा महिन्यांपर्यंतचे शोधशब्द दिसतात. एखाद्या शब्दाला तुझा लेख खूपदा दिसला आणि क्लिक मोजकेच आले, तर शीर्षक बदल. ‘एक अविस्मरणीय अनुभव’ हे शीर्षक तू चार वेगवेगळ्या गडांना दिलंयस, शोधणाऱ्याने त्यातून काय ओळखायचं? गडाचं नाव, वाट आणि जिल्हा शीर्षकात हवाच. सेटिंग्जमधल्या ‘मेटा टॅग्ज’खाली ‘सर्च डिस्क्रिप्शन’ चालू केलंस की प्रत्येक लेखाला दीडशे अक्षरांची ओळख लिहिता येते. शोधात लेखाच्या नावाखाली ती दिसू शकते. तिथे ‘पाणी फेब्रुवारीपर्यंत’ असं काही ठोस लिही.

हे सगळं करण्याआधी मात्र गुगल टेकआउटमधून ब्लॉगची प्रत काढून ठेव आणि मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर घे. दोन वर्षं लॉगिन न केलेलं गुगल खातं काढून टाकलं जाऊ शकतं, आणि तुझा ब्लॉग ज्या खात्यावर आहे ते तू एरवी वापरत नाहीस. दुसरा ई-मेल ब्लॉगला प्रशासक म्हणून आजच जोड.

सुरुवात राजगडाच्या लेखापासून कर: चौकट, फोटो, पत्ता, शीर्षक, या क्रमाने. झाला की लिंक पाठव. मी ती जुन्या साध्या फोनवर, वायफाय बंद करून उघडेन आणि पान किती सेकंदांत आलं, पाणी किती ओळींत सापडलं, ते कळवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास