तुटली होती वायर, बदलला पंप : पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर,

नमस्कार साहेब,

फोनवर बोलून कंटाळा आला, दरवेळी नवीन माणूस आणि परत पहिल्यापासून सगळं सांगा, म्हणून आता लेखीच देतोय. जॉब कार्ड, दोन्ही बिलं आणि फोटो जोडलेत.

गाडी 2012 ची पेट्रोल सेडान, स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर पंप फिरतो तेवालं. माझी तक्रार पहिल्यापासून एकच, गाडी हळू असताना स्टिअरिंग फुल फिरवलं की आरपीएम धाडकन पडतो आणि कधीकधी इंजिन बंदच पडतं, एसी चालू असला तर हमखास, आणि चेक इंजिनची लाईट लागलेली. स्टिअरिंग जड लागतं असं मी एकदाही म्हटलं नाही, इंजिन चालू असेपर्यंत ते अगदी लोण्यासारखं फिरायचं. तरी तुमच्या अॅडव्हायझरने जॉब कार्डवर लिहिलं 'स्टिअरिंग हार्ड'. हे कुठून आणलं त्यांनी?

आधी म्हणाले पेट्रोलमध्ये भेसळ असेल, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, साफ करू. केली, पैसे घेतले, फरक शून्य. मग स्कॅनर लावला, कोड आला पी 0552. हा कोड पॉवर स्टिअरिंगच्या प्रेशर सेन्सरच्या सर्किटचा आहे (स्टिअरिंग फिरवताना इंजिनवर लोड येतोय हे हाच सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो), सिग्नल कमी येतोय एवढंच तो कोड सांगतो. सेन्सर खराब असेल, वायर तुटली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल, काहीही असू शकतं, ते मीटर लावून बघायचं असतं. तुम्ही मीटर लावला नाही, सरळ पंप बदलला. मजुरी धरून साडेअठरा हजार. प्रेशर सेन्सरच्या तक्रारीत पंप, कारण काय तर 'सर, पंप प्रेशर देत नाहीये'. अहो, पंप प्रेशर देत नसता तर स्टिअरिंग ओढताना माझे खांदे दुखले असते की नाही?

वर गाडी दिलीत ती घुंऽऽ असा आवाज करत. विचारलं तर 'नवीन पंप आहे, सेट होईल'. स्टिअरिंग ऑईलच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं तर ऑईलला फेस आलेला. म्हणजे सिस्टीममधली हवासुद्धा नीट काढली नव्हती.

आणि मूळ प्रॉब्लेम जागच्या जागी. गाडी घेतली त्याच आठवड्यात द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये वळताना इंजिन बंद, मागे एसटी, हॉर्नवर हॉर्न, शेजारी आई बसलेली. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगड होतं आणि एकदोनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे काही झालं असतं तर?

शेवटी आमच्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने आधी ऑईलची लेव्हल बघितली, मग सेन्सरचा कनेक्टर काढला, इग्निशन ऑन करून मीटर लावला. तीन वायर असतात, एकीवर 5 व्होल्ट यायला पाहिजेत, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. अर्थिंग ठीक, 5 व्होल्टच्या जागी शून्य. वायर जरा हलवली की 5 यायचे, सोडली की गायब. वरचं इन्सुलेशन कापलं तर आत तांबं हिरवं पडून पावडर झालेलं, दोनच तारा कशाबशा पिनला टेकलेल्या, कनेक्टरचं रबर सील फाटलेलं, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच जात असणार. त्याने खराब तुकडा कापून नवीन वायर जोडली, नवीन पिन, नवीन सील, कोड उडवला आणि स्कॅनरवर मला लाईव्ह दाखवलं. स्टिअरिंग फिरवलं की प्रेशरचा आकडा चढतो आणि ईसीयू लगेच आयडल, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनचा आरपीएम, सावरतो. सेन्सर जुनाच आहे, ठणठणीत. सगळे मिळून सहाशे रुपये, आणि हवासुद्धा त्यानेच काढून दिली, पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही.

आता माझं म्हणणं. पंपाचे आणि थ्रॉटल बॉडीचे पैसे मजुरीसकट परत द्या. माझा जुना पंप परत द्या, तो चालू होता आणि माझा होता, मला न विचारता 'स्क्रॅपमध्ये गेला' हे उत्तर चालणार नाही. आणि पंप खराब आहे हे कुठल्या टेस्टवरून ठरवलं, प्रेशर गेज लावला होता का, लावला असेल तर रीडिंग किती आलं, हे लेखी द्या. फ्री वॉशिंगचं कूपन पाठवू नका, मागे एकदा पाठवलं होतं ते तसंच पडलंय.

पंधरा दिवस वाट बघतो. नाहीतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून पुढे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, कापलेला वायरचा तुकडा मी पिशवीत घालून जपून ठेवलाय. उत्तर ईमेलवरच द्या, फोन नको.

आपला,
एक ग्राहक, नाशिक