मेळावा सहावीच्या मुलांसाठीही असावा

महोदय,

हिवाळा लागला, की जवाहर नवोदय विद्यालयांमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांमधून, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरू लागतात. जुन्या गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मेसमधल्या त्याच लांब बाकांवर बसून जेवण, मग डॉर्मिटरीत जाऊन आपला पलंग कोणत्या खिडकीशी होता याचा शोध, हे सारे मलाही मनापासून आवडते. सहावी ते बारावी अशी सात वर्षे मी अशाच एका विद्यालयात काढली आहेत. परंतु गेल्या मेळाव्यातील एका प्रसंगापासून हे पत्र लिहायचे मनात घोळत आहे.

आमचे सत्कार चालले होते, तेव्हा सहावीच्या मुली सभागृहात अगदी मागे टाळ्या वाजवायला बसवल्या होत्या. जेवणाआधी त्यांतली एक नळापाशी भेटली. तिची एक वेणी सुटत आली होती; ती घालून देत असताना तिने हळूच विचारले, "ताई, तुम्हाला किती दिवस रडू येत होतं?" दिवाळीच्या सुट्टीनंतरही बरेच दिवस, असे मी खरे ते सांगितले. "मग माझं बरोबर चाललंय," ती म्हणाली आणि रांगेत पळाली.

अकराव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन मी विद्यालयात आले, तेव्हा मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. पहाटे पीटीची शिट्टी व्हायच्या आत आमच्या निलगिरी हाऊसमधील (विद्यालयात मुलांचे जे गट पाडतात, त्यांना हाऊस म्हणतात) दहावीची एक ताई ओळीने आम्हा पाच-सहा जणींच्या वेण्या घालून देई आणि घालता घालता घरच्या म्हशीची, भावंडांची चौकशी करी. हाऊस म्हणजे घर, हे मला पाटीवरून नव्हे, तर तिच्या हातांवरून कळले.

प्रत्येक विद्यालयात दरवर्षी सहावीला साधारण 80 मुले जिल्ह्यातून परीक्षा देऊन येतात आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. त्यांतल्या अनेकांच्या घरातून शिक्षणासाठी इतक्या लहान वयात बाहेर पडलेले दुसरे कोणीच नसते. पुढे नववीत 30 टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतात जातात. आपली मुले हिंदी मुलखात, तिकडची आपल्याकडे. ही योजना मला नवोदयमधली सर्वांत मोलाची वाटते, पण पहिले काही आठवडे त्या मुलांना फार जड जातात, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे वसतिगृहांची परंपरा अशा मायेवरच उभी राहिली आहे. 1924 साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या बोर्डिंगमधील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रही. तेवढा त्याग कोणी मागत नाही. माजी विद्यार्थी संघांनी संगणक, पुस्तके, पाण्याची यंत्रे दिली आहेत आणि ती द्यावीतच, पण आम्हाला लहानपणी लागले होते ते जवळचे माणूस, आणि ते आम्हाला वरच्या वर्गातल्या ताईंमध्ये मिळाले होते.

म्हणून माझी सर्व संघांना विनंती आहे, की मेळाव्याच्या खर्चातील थोडा भाग आणि आपले दोन दिवस सहावीच्या प्रवेशाच्या आठवड्यासाठी राखून ठेवावेत. ज्या तालुक्यातून मूल येते, त्याच तालुक्यातील माजी विद्यार्थ्याने त्याच्या आईवडिलांना आधी भेटावे, कारण पहिल्या महिन्यात पोराला परत न्यावे का, हा प्रश्न पोरापेक्षा त्यांनाच अधिक छळतो. नववीत हिंदी प्रांतातून येणाऱ्या मुलांना, जे स्वतः तसे वर्ष काढून आले आहेत, त्यांनी भेटावे. मुलांच्या सुरक्षिततेचे भान ठेवून हे सारे प्राचार्यांच्या परवानगीने, हाऊस मास्तरांच्या समक्ष आणि सभागृहातच व्हावे. डॉर्मिटरीत बाहेरच्या कोणीही, मग तो माजी विद्यार्थी का असेना, मुलांच्या मुक्कामात जाऊ नये.

आमच्या तुकडीतील चौघींनी प्राचार्यांकडे तसे पत्र दिले आहे. परवानगी मिळाल्यास पुढच्या प्रवेशाच्या दिवशी पेट्या उचलू लागायला आम्ही फाटकाशी उभ्या असू.

आपली विश्वासू,
नवोदयची एक माजी विद्यार्थिनी