धर्मसंघांची दप्तरे आणि काचपेटीबाहेरचे कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांत भरणाऱ्या कॅथलिक दप्तरांच्या प्रदर्शनांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सोन्याच्या वर्खाने उजळलेली प्रार्थनापुस्तके, पोपच्या आज्ञापत्रांना लटकणाऱ्या शिशाच्या मोहरा, मिशनऱ्यांनी काढलेले नकाशे यांचे वर्णन लेखकाने रसाळपणे केले आहे आणि त्या वस्तूही त्या वर्णनाला साजेशाच आहेत. मात्र हे कागद विद्यापीठाकडे आले कसे आणि निवड करताना कपाटात मागे काय ठेवले गेले, याविषयी संपूर्ण लेखात एक वाक्यही नाही. हा दोष लेखकापेक्षा त्या प्रदर्शनांचा अधिक आहे, असे मला वाटते.

अशी प्रदर्शने वाढण्यामागचे कारण साधे आहे. युरोप-अमेरिकेतील धर्मसंघ, म्हणजे व्रत घेऊन एकत्र राहणाऱ्या धर्मभगिनींचे आणि धर्मबंधूंचे समूह, झपाट्याने आकसत आहेत. अमेरिकेत 1965 साली सुमारे 1 लाख 80 हजार धर्मभगिनी होत्या; आज ती संख्या 40 हजारांच्याही खाली आली आहे. मठ विकले जातात, शाळा आणि रुग्णालये दुसऱ्यांच्या हाती जातात आणि शेवटी उरतात ते कागद: सभांची इतिवृत्ते, वरिष्ठांशी झालेला पत्रव्यवहार, जमाखर्चाच्या वह्या, दिवंगत भगिनींची चरित्रटिपणे. ती सांभाळण्याचे बळ वृद्धांच्या लहानशा समूहात राहत नाही, तेव्हा विद्यापीठाचे दार ठोठावले जाते. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाने अशा संग्रहांसाठी 1976 सालीच ‘काडॉक’ हे स्वतंत्र केंद्र काढले. आयर्लंडमधील फ्रान्सिस्कन या धर्मसंघाने आपली हस्तलिखिते 2000 पासून डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजकडे सोपवली. सतराव्या शतकात रचलेल्या ‘ॲनल्स ऑफ द फोर मास्टर्स’ या आयरिश बखरीचा संकलकांच्या हातचा एक खंड त्यांत आहे. या व्यवहारात संघाला निश्चिंती लाभते आणि विद्यापीठाला संशोधनाचे साधन मिळते. त्यानंतर जे पहिले प्रदर्शन भरते, ते बहुधा आभारप्रदर्शनच असते, आणि आभार मानण्याच्या समारंभात अडचणीचे प्रश्न विचारायचे नसतात, हा संकेत ग्रंथपालही पाळतात.

हे कागद निर्माण होतानाच काय दाखवायचे आणि काय मागे ठेवायचे याची विभागणी होत असे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने डिसेंबर 1542 मध्ये आपला सहकारी पीटर फेबर याला पत्र कसे लिहावे याच्या सूचना दिल्या होत्या. मुख्य पत्र असे लिहावे की ते कोणालाही दाखवता येईल आणि वाचणाऱ्याला त्यातून बोध मिळेल; ते एकदा लिहून, तपासून, पुन्हा लिहावे; आणि बाकीचे, म्हणजे आजारपणे, तक्रारी, अंतर्गत कामकाज, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडावे, असा त्या सूचनांचा आशय आहे. पुढे हीच शिस्त संघाच्या सर्व प्रांतांत रुजली आणि दूरदेशींहून येणारी वार्षिक वृत्ते युरोपात छापून आवडीने वाचली जाऊ लागली. इतक्या जाणतेपणाने स्वतःचे दप्तर घडवणारी संस्था विरळा, आणि त्याबद्दल मला आदरच वाटतो. परंतु त्यामुळेच आजचा प्रदर्शनकर्ता जेव्हा केवळ मुख्य पत्र काचपेटीत मांडतो आणि सोबतचा सुटा कागद कपाटातच ठेवतो, तेव्हा तो साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी ठरलेली निवड, कदाचित नकळत, तशीच पुढे चालवीत असतो.

हे किती महागात पडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाचे आहे. मेरिलँडच्या जेझुइटांनी 1838 साली आपल्या मळ्यांवरील 272 गुलाम स्त्री-पुरुष आणि मुले लुइझियानातील मळेवाल्यांना 1 लाख 15 हजार डॉलर्सना विकण्याचा करार केला, आणि पहिल्या हप्त्याचा काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यासाठी वापरला गेला. करारपत्र, नावे आणि वये लिहिलेली यादी, मळ्यांचे हिशेब, या व्यवहारावरून संघात झालेला पत्रव्यवहार असे बरेच काही जेझुइटांच्या मेरिलँड प्रांताच्या दप्तरात होते आणि ते दप्तर त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेले होते. ते कोणी लपवलेले नव्हते. इतिहासाचे अभ्यासक ते पाहत होते आणि त्यावर लिहीतही होते. तरीही या विक्रीची व्यापक चर्चा सुरू होण्यास 2015 आणि 2016 ही साले उजाडावी लागली. त्यानंतर विद्यापीठाने ते कागद संगणकावर सर्वांना खुले केले आणि 2017 साली एक इमारत आयझॅक हॉकिन्स या नावाने ओळखली जाऊ लागली. करारातील यादीत पहिले नाव त्याचे आहे.

या प्रकरणातली आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. गुलामांना मालमत्तेचा किंवा गोऱ्यांविरुद्ध साक्ष देण्याचा हक्क नव्हता. पण त्यांचा बाप्तिस्मा होत असे, विवाह लागत असे, आणि त्याची नोंद चर्चच्या वहीत केली जात असे. सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंवर अशा नोंदी ठेवण्याचे बंधन घातले होते. आज त्या 272 जणांचे वंशज आपले पूर्वज शोधतात तेव्हा विक्रीची यादी आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी यांचा मेळ घालूनच त्यांना पुढे जावे लागते. विकणाऱ्यांनीच विकल्या गेलेल्यांचा माग राखून ठेवला, ही विसंगती कोणत्याही सुवर्णाक्षरी पोथीपेक्षा प्रेक्षकाला अधिक काळ विचार करायला लावील. तरीही नोंदवह्या दिसायला रुक्ष असतात, त्यांचे अक्षर लागत नाही, म्हणून त्यांना जागा मिळत नाही.

मराठी वाचकाचाही या विषयाशी थेट संबंध येतो. 1579 साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले, सुमारे 11 हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याचे देवनागरीतील हस्तलिखित मात्र विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’ या संस्थेच्या ग्रंथालयात पोहोचले आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथे, मिन्यो विद्यापीठाच्या अखत्यारीतील सार्वजनिक ग्रंथालयात, रामायण-महाभारतातील कथांची कोंकणी आणि मराठी हस्तलिखिते रोमन लिपीत आहेत; ती गोव्यातील जेझुइटांच्या आश्रयाने उतरवली गेली. आपल्या जुन्या गद्याचा अभ्यास करणाऱ्यांना ती फार मोलाची वाटतात, आणि ते योग्यच आहे. पण एखाद्या काचपेटीत ही पाने ‘दोन संस्कृतींचा संवाद’ अशा मथळ्याखाली मांडली गेली, तर ती अर्धीच गोष्ट ठरेल. सोळाव्या शतकाच्या मध्यास गोव्याहून गेलेल्या जेझुइट पत्रांतच, एका ब्राह्मणाने वर्षानुवर्षे खपून सिद्ध केलेल्या पोथ्या त्याच्या घरातून काढून आणल्याची हकिकत आहे, आणि त्या पोथ्यांतील मजकुराचा उपयोग वादविवादात त्याच धर्माचे खंडन करण्यासाठी व्हावा, असा हेतूही सांगितला आहे. भाषेचे प्रेम आणि सत्तेचा बडगा ही दोन्ही त्या काळी एकाच घरात नांदत होती. स्टीफन्सच्या ओव्यांची गोडी मान्य करूनही हे सांगता येते, आणि सांगायला हवे.

उरलेला प्रश्न दप्तरात नसलेल्या कागदांचा. 1983 च्या चर्च कायदासंहितेतील 489 व्या कलमानुसार प्रत्येक धर्मप्रांतात बिशपच्या ताब्यात एक गुप्त दप्तर ठेवावे लागते. नीतिविषयक फौजदारी प्रकरणांतील आरोपी मरण पावला असेल किंवा दोषी ठरवणाऱ्या निर्णयाला दहा वर्षे झाली असतील, तर त्या प्रकरणाचे कागद दरवर्षी नष्ट करून घटनेचा संक्षिप्त सारांश आणि अंतिम निर्णयाची संहिता एवढेच जपावे, असेही तेच कलम सांगते. हा नियम धर्मप्रांतांसाठी आहे आणि विद्यापीठांकडे येणारी दप्तरे मुख्यतः धर्मसंघांची असतात, हे मला ठाऊक आहे. तरी दप्तर म्हणजे घडलेल्या सर्व गोष्टींची साठवण, असा जो समज सामान्य प्रेक्षक घेऊन येतो, तो दूर करण्यासाठी हे एक कलम प्रवेशाशीच लावले तरी पुष्कळ काम होईल. कॅनडात आदिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांपैकी अनेक शाळा ओब्लेट या कॅथलिक संघाने चालवल्या. त्या शाळांविषयीची कागदपत्रे आणि साक्षी सांभाळणारे राष्ट्रीय केंद्र 2015 पासून मॅनिटोबा विद्यापीठात आहे. संघाच्या रोममधील संग्रहातली त्या शाळांची छायाचित्रे अलीकडेच त्या केंद्राला उपलब्ध झाली. ही छायाचित्रे काढणाऱ्यांनी ती आपल्या कार्याची कीर्ती सांगण्यासाठी काढली होती. आज तीच छायाचित्रे हरवलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडू शकतात. अशा चित्राखाली केवळ ‘शाळेतील विद्यार्थी, कॅनडा’ एवढेच लिहिणे मला अक्षम्य वाटते.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके लेखत नाही. पहिला म्हणजे देणगीच्या अटींचा. अनेक संघ व्यक्तिगत कागदांवर ठरावीक मुदतीचे निर्बंध घालून मगच दप्तर सोपवतात, आणि जिवंत व्यक्तींच्या खासगीपणाचा विचार करता ते रास्तही असते. पण अट आहे हे सांगण्यास तर कोणाची हरकत नसावी. दुसरा आक्षेप श्रद्धावंतांच्या भावनांचा. खुद्द व्हॅटिकनच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने 1997 च्या परिपत्रकात चर्चची दप्तरे ही तिच्या स्मृतीची स्थाने असल्याचे म्हटले आहे, आणि पोप बारावा पायस याच्या कारकिर्दीची, त्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील वादग्रस्त कागदपत्रेही आली, दप्तरे व्हॅटिकनने 2 मार्च 2020 रोजी अभ्यासकांना खुली केली आहेत. रोमला जे पचते ते एखाद्या विद्यापीठातील ग्रंथपालाला पचू नये, हे विचित्रच. तांत्रिक अडचणींचे म्हणाल, तर हस्तलिखितावर 50 लक्सहून अधिक प्रकाश पडू नये आणि एकच पान महिनोनमहिने उघडे राहू नये, हे नियम वर्खाच्या पोथीला आणि किराणा-धान्याच्या हिशेबवहीला सारखेच लागू आहेत. उलट पान बदलावेच लागत असल्याने दर वेळी नवे काही दाखवण्याची सोयच होते.

मठांतील हिशेबवह्यांविषयी एक अवांतर गोष्ट सांगतो. या प्रदर्शनांत स्त्रिया सहसा संतिणी म्हणून येतात, नाहीतर पांढऱ्या शिरोवस्त्रातल्या सामूहिक छायाचित्रात. त्यांनी शेकडो खाटांची रुग्णालये उभारली, कर्जे काढली, जमिनी घेतल्या, बांधकामांच्या करारांवर सह्या केल्या, तेही पुष्कळ ठिकाणी विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे करार करता येत नव्हता अशा काळात. हे कर्तृत्व कळते ते कीर्द-खतावणीतूनच. म्हणजे कपाटातले कागद बाहेर आले तर केवळ संघांची लाजच बाहेर येईल ही भीती निराधार आहे. कित्येकदा त्यांचा न मिरवलेला गौरवही तिथेच पडून आहे.

तेव्हा अशा प्रदर्शनांबद्दल लिहिताना आपल्या वृत्तपत्राने आयोजकांना काही साध्या गोष्टी जरूर विचाराव्यात, ही विनंती. दप्तर कोणी, कोणत्या साली आणि कोणत्या अटींवर दिले. वस्तूंची निवड ग्रंथालयाने केली की संघाच्या प्रतिनिधींनी. न दाखवलेल्या भागाची सूची वाचकाला पाहता येते का. आणि ज्यांच्याविषयी हे कागद आहेत त्या लोकांच्या वंशजांना प्रदर्शनाची माहितीपट्टी लिहिताना कोणी विचारले का. चित्रे छापताना यांपैकी मिळालेली उत्तरे त्यांच्याखालील ओळींत दिली, तर जागाही फारशी लागणार नाही. एखाद्या आयोजकाने उत्तर देण्याचे नाकारले, तर तेवढे तरी अवश्य छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक