पोती भरण्याआधी पिशव्या तपासा

संपादक महाशय,

थंडी पडली की गडकिल्ल्यांवरच्या स्वच्छता मोहिमांचे फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागतात. हातमोजे घातलेली पोरं, मागे भरलेली पोती, पोत्यांमागे बॅनर. पोरांच्या कष्टांबद्दल वाद नाही. पण ती पोती पुढे जातात कुठे? राजमाची किल्ल्यावर गोळा केलेलं पोतं पायथ्याच्या उधेवाडीत येतं आणि तिथे काही आमच्या डोंबिवलीसारखी घंटागाडी दारात येत नाही. लोणावळा गाठायचं तर पंधराएक किलोमीटर, कोंडाणे लेण्यांकडून उतरायचं तर अख्खा डोंगर.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपात शिध्याचं खातं माझ्याकडे आहे. बँकेतून निवृत्त झाले तरी हिशेबाची खोड गेलेली नाही. 20 जणांनी मुक्कामात तीनदा चहा घेतला की झाले 60 कागदी कप, तेही आतून प्लॅस्टिकचा थर असलेले. प्लॅस्टिकच्या ताटल्या, ग्लास, चमचे यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. राज्याची बंदी तर 2018 ची. पण वेफर्सची पाकिटं आणि सॉसच्या पुड्या त्या यादीत नाहीत, आणि तंबू उठल्यावर मागे उरतं ते बहुतेक हेच. सॉसची पुडी एक वेळ कोणी खिशात घालतं, पण फाडलेला तो नखाएवढा कोपरा गवतात पडला की पडला. मोहीमवाल्यांच्याही हाती तो लागत नाही.

म्हणून आमच्याकडे पिशव्या निघायच्या आदल्या संध्याकाळीच उघडल्या जातात. माणशी दोन मुठी तांदूळ, एक मूठ मूगडाळ, मोजून कापडी पिशवीत. मसाला, मीठ, दूध पावडर झाकणाच्या बरण्यांत. बिस्किटं घरीच पुडा फोडून डब्यात. ताट, वाटी, मग ज्याचा त्याने आणायचा. विसरला तर झाकणात जेवायचं, भांडं उसनं मिळणार नाही. (विसरणारा पुढच्या खेपेला सॅकमध्ये सगळ्यांत आधी ताट भरतो, हा अनुभव.) भांडी राखेने घासायची, तीही पाण्याच्या टाक्यापासून लांब.

एक गोष्ट पुरुष लीडर बोलत नाहीत, म्हणून मीच लिहिते. सॅनिटरी पॅड आणि वेट वाइप्स. मुली संकोचाने ते दगडाखाली सारतात आणि कुत्री उकरून काढतात. वर्तमानपत्राचा कागद आणि घट्ट झाकणाचा एक जुना डबा प्रत्येकीच्या सॅकमध्ये असावा, हे निघण्याआधी मोठ्या बाईने स्पष्ट सांगावं. वाइप्सऐवजी जुन्या सुती साडीचे तुकडे उत्तम. धुऊन पुन्हा वापरता येतात.

रात्री शेकोटीत पाकिटं टाकणाऱ्यांना वाटतं, प्रश्न मिटला. सकाळी राख चाळून बघा, चंदेरी वर्ख तसाच असतो.

खरा प्रश्न आमच्यासारख्या ओळखीच्या टोळक्यांचा नाही. व्हॉट्सअॅपवर बुकिंग घेऊन चाळीस-पन्नास अनोळखी माणसं नेणारे आयोजक टॉर्च, स्वेटर, ओळखपत्र सगळं आठवणीने लिहितात, ताट-वाटी मात्र लिहीत नाहीत. भांडी घासायला माणूस ठेवण्यापेक्षा पत्रावळ्यांचा गठ्ठा स्वस्त पडतो, हे मला कळतं. पण गावातल्या घरी पिठलं-भाकरी स्टीलच्या ताटात मिळत असताना पन्नास माणसांचा बुफे माळावर मांडायची गरज काय?

सिक्कीममध्ये युकसोमहून कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानात शिरताना ट्रेकर्सच्या सामानातल्या प्लॅस्टिकची नोंद करतात आणि परतताना ती ताडून पाहतात. आपल्याकडे निदान मोठ्या गटांपुरतं हे सुरू व्हावं. आयोजकाकडून अनामत घ्यावी, पाकिटं मोजून परत दाखवली की द्यावी. मोजायचं काम गावातल्या बचत गटाला द्यावं आणि त्याचे पैसे आयोजकाने भरावेत.

आपल्या रविवार पुरवणीत भटकंतीच्या लेखाखाली ‘कसे जाल, कुठे राहाल’ अशी चौकट असते. तिच्यात ‘ताट, वाटी, मग घरून न्या’ एवढी एक ओळ घालता येईल का?

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)