नव्या बँडना लहान सभागृहं द्या

महोदय,

स्वतःची गाणी बांधणाऱ्या नव्या बँडना आपल्या भागात गणपतीचा मंडप आणि कॉलेजचं गॅदरिंग सोडलं तर फारशी जागा नाही, आणि तिथे फर्माईश येते ती सिनेमातल्या गाण्यांची. त्यांना साठ-सत्तर खुर्च्यांचं सभागृह पुरतं. बेळगावात वाचनालयांकडे, नाट्यसंस्थांकडे अशा जागा आहेत. त्या बँडला नाकारल्या जातात ते आवाजाच्या धास्तीने. धास्ती खरी आहे, पण तिला इलाज आहे.

बिघडतं ते मोठा साउंड मागवल्यामुळे. फरशी आणि गिलाव्याच्या खोलीत नुसता ड्रमसेटच जवळून 100 डेसिबलच्या वर जातो. त्याला गाठायला गिटारवाला अ‍ॅम्प्लिफायर वाढवतो, मग गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, वाढतो आणि माइक शिट्टी मारू लागतो. नव्या गाण्याचे शब्दच कळले नाहीत तर लोकांनी ऐकायचं काय? म्हणून ड्रमला माइक लावूच नये. खाली जाड सतरंजी, मागे पडदा, स्नेअरवर, म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर, रुमाल. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर खुर्चीवर तिरका, वाजवणाऱ्याच्या कानाकडे तोंड करून. मुख्य स्पीकर दोनच, माइकच्या पुढे आणि डोक्यांच्या वर. साउंड चेक गायकापासून सुरू करावा, बाकीच्यांनी त्याच्याखाली राहावं. रिकामी खोली घुमते, माणसं भरली की घुमणं कमी होतं. तेवढ्यासाठी मिक्सरशी, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमीजास्त करायच्या यंत्राशी, आधी फार झगडू नये.

स्पीकरमधून घरघर आली तर मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर विजेच्या एकाच बोर्डावर घ्या. ती घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणारे आहेत. कृपा करून तसं करू नका. हातात गिटार असताना माइकला ओठ लागले की शॉक बसून जीव जाऊ शकतो.

निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल. खिडक्या बंद, सातला सुरू, सव्वानऊला संपलं, तर शेजाऱ्यांची तक्रार राहत नाही. दोन बँड, प्रत्येकी चाळीस मिनिटं, ड्रमसेट एकच; म्हणजे मधली अदलाबदल दहा मिनिटांत होते. तिकीट शंभर-दीडशे ठेवावं. पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही.

अडतं ते भाड्यापाशी. अख्ख्या दिवसाचं भाडं सत्तर तिकिटांतून निघत नाही. संस्थांनी सोमवार ते गुरुवार, संध्याकाळच्या चार तासांचा वेगळा दर लावावा, ही विनंती.

– ध्वनिव्यवस्था सांभाळणारे काही वाचक, टिळकवाडी, बेळगाव